नमुन्याच्या वरची बाजू

१९ ऑक्टोबर. बाटल्या धुवायला काढल्या होत्या. ओढ्याचं पाणी ज्या बाटल्यांत भरून आणायचं त्या आदल्या दिवशी सौम्य आम्लात भिजवाव्या लागतात, मग शुद्ध पाण्यानं धुवून उपड्या घालाव्या लागतात. ग्लासगोच्या एका विद्यापीठातल्या प्रयोगशाळेची व्यवस्था माझ्याकडे आहे, त्यामुळे हे काम मी हाताखालच्या कुणालाही सांगू शकले असते. पण दुसऱ्या दिवशी ओढ्यावर मीच जाणार होते, आणि माझ्याबरोबर दूर दक्षिणेतल्या ईलिंगहून रोहन येणार होता, त्याच्या वडिलांच्या अस्थी घेऊन.

त्याचे वडील म्हणजे ठोसरसर. रमाकांत ठोसर, मूळचे अकोल्याचे. माती आणि पाणी यांचं रसायनशास्त्र त्यांनी इथे आयुष्यभर शिकवलं आणि निवृत्तीनंतरही ओढा सोडला नाही. बाटल्या भिजत घालत होते तेवढ्यात रोहनचा फोन आला. गाडीचं तिकीट काढलंय, सकाळी स्टेशनवर घ्यायला या, एवढं सांगून तो थांबला. मग म्हणाला, "मावशी, मी डिसाइड केलं. बाबाला वर ठेवायचं. आईजवळ."

"बाबांनी खाली सांगितलंय."

"आय नो. पण दोघं वेगळे कशाला? इट्स जस्ट सॅड."

मी म्हटलं, आधी ये, जागेवर उभं राहून ठरवू. फोन ठेवला आणि हातमोजे घातले. वर आणि खाली यांत ठोसरांच्या घराचं सगळं आयुष्य आहे, ते फोनवर सुटण्यासारखं नव्हतं.

मी आधी दक्षिणेकडे, स्लाऊमधल्या एका कारखान्यात पाणी तपासायचं काम करत होते. नवऱ्याची बदली ग्लासगोला झाली म्हणून इकडे आले आणि या प्रयोगशाळेत लागले. पहिल्याच आठवड्यात सर मला ओढ्यावर घेऊन गेले. शहराच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर डोंगर आहेत, त्यांच्या कुशीतला हा ओढा. रुंदी इतकी की लहान मूलही उडी मारून पार जाईल. सरांनी बाटली हातात दिली आणि म्हणाले, "भरा." मी भरली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, ओतून टाकली, पुन्हा दिली. तीन वेळा असं झाल्यावर माझा चेहरा बघून म्हणाले, "रागावू नका वैजयंतीबाई. बाटलीला आधी त्या पाण्याची ओळख करून द्यावी लागते. चौथ्या वेळचं पाणी आपलं."

घरी चहा देतानाही तोच प्रकार. कपात घोटभर चहा ओतायचा, कप फिरवायचा, तो चहा सिंकमध्ये टाकायचा, मग कप भरायचा. शैलाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "आमच्याकडे चार पाहुणे आले की सहा जणांचा चहा टाकावा लागतो. दोघांचा सिंक पितं." त्या अमरावतीच्या. मोठ्यानं बोलायच्या, मोठ्यानं हसायच्या, आणि नवऱ्याला अहो-जाहो करत त्याची यथास्थित टर उडवायच्या. रोहन ईलिंगला गेल्यापासून ओढ्याबद्दल म्हणायच्या, "आमच्या घरात तिघं. हे, मी आणि तो. त्याचं पथ्यपाणी सगळ्यांत कडक."

सर बुटके होते, खांद्यात रुंद, आणि चालताना सतत खाली बघायचे. रस्त्यात कुठेही खणलेलं दिसलं की थांबायचे. कौन्सिलनं गटारासाठी खड्डा खणला असेल तर तिथल्या कामगारांशी गप्पा मारून मूठभर माती रुमालात बांधून आणायचे. रुमाल शैलाताई धुवायच्या. बोलणं साधारणपणे प्रमाण मराठीत, पण जवळच्या माणसांत आणि मन हललं की वऱ्हाडी यायची.

त्यांचं शास्त्र मला कळलं ते त्यांच्या व्याख्यानांतून फारसं नाही, गाडीतल्या बडबडीतून. म्हणायचे, हे डोंगर आणि आपल्याकडचे डोंगर एकाच जातीच्या काळ्या दगडाचे. पण आपला दगड ऊन-पावसात युगानुयुगं जागच्या जागी कुजला, त्याची काळी माती झाली. इथला दगड कुजायला लागला तेवढ्यात बर्फ आलं. डोंगराएवढं बर्फ. त्यानं जुनी माती खरवडून नेली आणि खालचा दगड जात्यात घातल्यासारखा दळला. बर्फ वितळलं, दळलेलं सगळं इथेच पडलं. मोठे धोंडे, खडे, आणि त्यांच्यात पिठासारखी बारीक भुकटी. "अख्खे गहू पाण्यात टाका, काय होईल? काही नाही. पीठ टाका." मग पिठाचं काय होतं ते स्टीअरिंगवरचा हात सोडून दाखवायचे आणि मी म्हणायचे, सर, पुढे बघा.

त्या पिठातलं जे लवकर विरघळतं ते वरच्या थरातून पावसानं केव्हाच धुवून नेलं. सगळ्यांत आधी चुना गेला. खोलवर मात्र तो अजून शिल्लक आहे. म्हणून कोरड्या दिवसांत ओढा खोलातलं पाणी आणतो, स्वच्छ, कॅल्शियमनं भरलेलं. जोराचा पाऊस झाला की पाणी वरच्या वर, कुजलेल्या गवतातून वाहत येतं. चहासारखं तपकिरी आणि आंबट. एकच ओढा, पण सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरा. कोणतं पाणी जमिनीत किती खोल जाऊन आलं, हे बाटली बघून सांगणं एवढंच सरांचं आयुष्यभराचं काम. हे सांगताना ते माणसांच्या स्वभावाचे दाखलेही द्यायचे. ते मी सोडून देत असे. व्याख्यानांची सवय असलेल्या माणसाला तेवढी मोकळीक द्यावी लागते.

पण या सगळ्यासाठी एक अट होती. नमुन्याची जागा ठरलेली, दोन गोल धोंड्यांच्या मधली. त्या जागेच्या वरच्या बाजूला कुणी पाय ठेवायचा नाही. ओढ्यात तर नाहीच, काठावरही नाही. बुटानं माती उकरली की ताजी भुकटी पाण्यात येते आणि पाणी जे सांगायचं ते सोडून बुटाबद्दल सांगायला लागतं. एकदा विभागप्रमुख स्वतः आले होते, मोठा कॅमेरा घेऊन. फोटो चांगला यावा म्हणून ते चार पावलं वर चढले. सरांनी त्या दिवशीच्या सगळ्या बाटल्या ओतल्या, खोकं बंद केलं आणि गाडीत जाऊन बसले. परतीच्या वाटेवर विभागप्रमुखांनी दोनदा माफी मागितली. सर इंग्रजीत म्हणाले, "काही हरकत नाही, उद्या परत येऊ. तुम्ही येऊ नका." आणि खरंच दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच परत गेलो.

एका वर्षी गणपतीत वेगळाच उद्योग. इथल्या मराठी मंडळाची मूर्ती विसर्जनाला एका तळ्यावर न्यायची ठरली. सरांनी सभेत उभं राहून विचारलं, मूर्ती कशाची आहे, रंगात काय आहे. कुणालाच माहीत नव्हतं. मग म्हणाले, मूर्ती मी करतो. ओढ्याच्या खूप खाली दरड कोसळली होती, तिथली बर्फानं आणलेली माती त्यांनी पोतंभर आणली. ती माती मूर्तीची नाही हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं, तरी हट्ट. तीन वेळा सोंड पडली. शेवटी जो गणपती झाला त्याच्या पोटातून एक खडा बाहेर डोकावत होता. शैलाताई म्हणाल्या, "राहू द्या. मोदक दिसतोय." विसर्जन सरांच्या अंगणात, पाण्यानं भरलेल्या टबात झालं. आम्ही सगळे मोरया म्हणत होतो आणि सर बाजूला बाटली घेऊन उभे. सगळी माती खाली बसली की टबातलं पाणी त्यांना तपासायचं होतं. तपासलंही.

शैलाताई बहुतेक रविवारी ओढ्यावर यायच्या. डबा आणायच्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं. त्यांची बसायची जागा नमुन्याच्या खालच्या अंगाला, एका सपाट दगडावर. तिथे बसायला हरकत नव्हती, कारण तिथून काहीही वाहून गेलं तरी ते पुढेच जाणार. लोकर विणायच्या, नाहीतर नुसत्या बसायच्या. थंडीत दोन कोट घालून बसायच्या. वरच्या बाजूला ओढा वळतो आणि दिसेनासा होतो. त्या वळणामागून पाणी पडल्याचा आवाज येतो. तो ऐकून त्यांनी पहिल्याच वर्षी कधीतरी विचारलं होतं, तिकडे धबधबा आहे का हो? सर म्हणाले, असेल. शैलाताई म्हणाल्या, मी बघून येऊ? सर म्हणाले, प्रकल्प संपला की मी स्वतः घेऊन जातो.

हे मला शैलाताईंनीच सांगितलं, हसत हसत. प्रकल्प संपला नाही. दर वेळी मुदतवाढ मिळायची. इतका जुना, खंड न पडलेला अभ्यास कुणी बंद करायला तयार नव्हतं, आणि तसा तो बंद करणं मूर्खपणाचंच झालं असतं. मुदतवाढीची बातमी आली की प्रयोगशाळेत शैलाताईंच्या हातचे पेढे वाटले जायचे. त्या मला म्हणायच्या, "सगळ्यांना गोड लागतात. मला मेलीला प्रत्येक पेढ्याबरोबर तो धबधबा लांब गेलेला दिसतो." पण मागचा डोंगर चढून लांबच्या वाटेनं वळणामागे जावं, असंही त्यांनी कधी केलं नाही. सरांना न सांगता जाणं त्यांच्यात नव्हतं आणि विचारून उपयोग नव्हता.

मग त्या आजारी पडल्या. निदान झालं तेव्हाच डॉक्टर सावकाश आणि वाक्यं तोडून बोलायला लागले होते, त्यावरून मला काय ते समजलं. सर रोज बसनं हॉस्पिटलमध्ये जायचे. आठवड्याचा नमुना मी आणायचे. शैलाताई शेवटपर्यंत विचारायच्या, ओढा कसा आहे? मी म्हणायचे, पाऊस झालाय, तपकिरी आहे. "म्हणजे वरवरचं बोलतोय," त्या म्हणायच्या. ओढ्यात न्या, वर न्या, असं काहीही त्या बोलल्या नाहीत. कुठलीच इच्छा सांगितली नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी सरांना घरी जाऊन अंघोळ करून यायला सांगितलं, तेच शेवटचं.

रोहनला अस्थी नाशिकला न्यायच्या होत्या. ईलिंगमधल्या त्याच्या ओळखीच्या लोकांनी तसंच केलं होतं. सर नाही म्हणाले. कारण सांगितलं नाही. मग एका दुपारी प्रयोगशाळेत आले, माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले.

"वैजयंतीबाई, हाडांची राख नमुन्याच्या वर पाण्यात पडली तर आपल्या बाटलीत काय दिसेल?"

मी म्हटलं, पहिल्या दिवशी सोडियम, पोटॅशियम. मग कॅल्शियम. आणि फॉस्फेट. आपल्या ओढ्यात फॉस्फेट जवळजवळ नाहीच, त्यामुळे ते लगेच उठून दिसेल आणि बरेच दिवस दिसत राहील. पाऊस होऊन पाणी आंबट झालं की जास्त.

"म्हणजे नमुने बिघडतील."

"बिघडतील. खाली सोडल्या तर काहीच होणार नाही. त्यांचा दगडही तिथेच आहे."

"हो," सर म्हणाले. "मी तेच म्हणत होतो." आणि उठून गेले.

मी जमीनमालकाला विचारून घेतलं, त्या ओढ्याचं पाणी कुणी पिण्यासाठी उचलत नाही याची खात्री केली, आणि गाडी काढली. रोहन, सर आणि मी. सरांनी आधी नेहमीसारखा नमुना घेतला. झाकण लावलं. बाटली माझ्याकडे दिली. मला वाटलं आता खाली उतरतील. ते पिशवी घेऊन दोन धोंड्यांच्या मधे तसेच उभे राहिले. रोहन माझ्याकडे बघायला लागला. मग सरांनी काठी टेकली आणि वर पाय टाकला.

मी हाक मारली, "सर?"

"थांबा तिथंच," ते म्हणाले. "तिले वर न्यायचं आहे."

थेट पाण्यातून गेले. त्या वयात, घसरड्या दगडांवरून. रोहन मागे धावायला निघाला, त्याचा दंड मी धरून ठेवला. वळणामागे सर दिसेनासे झाले. थोड्या वेळानं पाण्याबरोबर उकरलेली माती आली, नंतर करडी राख आली. दोन्ही आमच्या पायांजवळून पुढे गेल्या. रोहन रडत होता. मी बाटली पोटाशी धरून उभी होते, कारण खाली ठेवायला सपाट जागा नव्हती.

सर परत आले ते गुडघ्यापर्यंत भिजलेले. गाडीत बसले. मग पुढच्या काचेकडे बघत म्हणाले, "काही नाही जी तिथं. धबधबा नाही, काही नाही. हातभर उंचीवरून पाणी पडते. मागं दलदल." आणि काठी पायाशी ठेवत, "एका रविवारी नेलं असतं तर एका रविवारात तिचं समाधान झालं असतं. एक नमुना गेला असता."

मी गाडी सुरू केली. रोहननं मागच्या सीटवर तोंड फिरवून घेतलं होतं.

फॉस्फेट माझ्या अंदाजापेक्षा जास्त दिवस राहिलं. दर आठवड्याला यंत्राच्या पडद्यावर तो उंचवटा यायचा, पाऊस झाला की मोठा, कोरडं पडलं की लहान. सर दर वेळी विचारायचे आणि मी आकडा सांगायचे. दोघंही त्याला फॉस्फेटच म्हणायचो. पुढच्या वसंतात विभागात त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं. सगळ्या वर्षांचे आलेख एकामागून एक दाखवले. शेवटच्या आलेखावर एका पाहुण्या संशोधक मुलीनं हात वर केला. हा फॉस्फेटचा उंचवटा कशाचा? वरच्या बाजूला मेंढ्या सोडल्या का कुणी?

सर म्हणाले, "नाही. ती माझी पत्नी आहे."

 सर त्या मुलीला समजेल अशा शांत आवाजात पुढे म्हणाले, "हे महिने सरासरीतून वगळावेत. ते ओढ्याचं काम नाही." आणि मला मान हलवून पुढची स्लाइड लावायला सांगितलं. मी लावली. पुढे स्लाइडच नव्हती, पडदा काळा झाला.

त्यानंतर ते झपाट्यानं उतरले. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. ऑगस्टमध्ये मी त्यांच्याकडे भाजी पोचवायला गेले होते. फ्रिजमध्ये डबे लावत होते, तेव्हा ते टेबलाशी बसून म्हणाले, "मले खाली सोडा. रोहन वर म्हणेल. त्याचं ऐकू नका."

मी म्हटलं, नमुन्यांची काळजी करू नका, वर सोडलं तरी ते महिनेही वगळता येतील.

"नमुन्यांचं नाही म्हणत मी." ते चिडले होते. "ती इतकी वर्षं बसली त्या दगडावर. थंडीत, पावसात. मी एकदा वळून नाही पाहिलं. आता मी बसून पाहतो, कसं वाटते ते."

त्यांना शेवटचं पाहिलं ते बसस्टॉपवर. धो-धो पाऊस होता आणि मी कामावरून गाडीनं घरी चालले होते. निवाऱ्याला जागा असून ते बाहेर उभे, छत्री मिटलेली, आणि कमरेतून वाकून रस्त्याच्या कडेनं वाहणाऱ्या पाण्याकडे बघत होते. मागे बस येऊन थांबली, दार उघडलं, लोक चढले. ड्रायव्हर त्यांची वाट बघत थांबला. मी हॉर्न वाजवला. त्यांनी हात वर केला, पण तो मला होता की ड्रायव्हरला जा म्हणून, ते सांगता येणार नाही. बस गेली. मागच्या गाड्यांनी घाई केली म्हणून मीही निघाले. त्याच आठवड्यात झोपेत गेले.

बाटल्या रात्री वाळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रोहनला स्टेशनवरून घेतलं. वाटेत तो पुन्हा वरचीच गोष्ट बोलत राहिला आणि मी त्याला बोलू दिलं. ओढ्यावर पोचल्यावर मी त्याला खालच्या दगडापाशी नेलं आणि वडील जे म्हणाले होते ते त्याच शब्दांत सांगितलं. तो पिशवी मांडीवर घेऊन दगडावर बसला. बराच वेळ बसला. पावसाला सुरुवात झाली.

"मावशी," तो म्हणाला, "इथून काहीच दिसत नाही. फक्त ते दोन दगड दिसतात, जिथे बाबा उभा राहायचा."

"हो," मी म्हटलं.

"शी जस्ट सॅट हिअर अँड लुक्ड अॅट हिम?"

मी पुन्हा हो म्हटलं. त्यानं बूट काढले, मोजे आत कोंबले आणि दगडावरून खाली पाण्यात उतरला. थंडीनं त्याचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. मग त्यानं पिशवीची गाठ सोडली.

मी खोकं उचललं, चार पावलं वर त्या दोन धोंड्यांच्या मधे जाऊन उभी राहिले, त्याच्याकडे पाठ केली, आणि नमुना घ्यायला वाकले.